कोठीची खोली

राजवटींचे इतिहास लिहिले जातात, लढायांचेही लिहिले जातात. परंतु ज्या खोलींतला दाणागोटा संपला म्हणजे किल्ले पडत आणि घरें मोडत, त्या खोलीचा इतिहास लिहिण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ती खोली म्हणजे घराची कोठी. जुन्या मराठी घरांत ओटी, माजघर, देवघर व स्वयंपाकघर यांच्या जोडीला कोठीच्या खोलीचेंही स्थान ठरलेलें असे. ती माजघराला लागून, बहुधा एकाच दाराची व अंधारी असावयाची. पाहुण्याची नजर तेथपर्यंत पोंचत नसे, आणि ती पोंचूं नये अशीच योजना असे. त्या अंधारांत घराचें एक वर्ष सांठविलेलें असे.

आज शहरांतील दोनतीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत कोठीला स्वतंत्र जागा उरलेली नाहीं. भिंतींतल्या एखाद्या कपाटानें, ओट्याखालच्या खणानें किंवा माळ्यानें तिची जागा घेतली आहे. तें कपाट नीट लावावें आणि महिन्याचा खर्च आटोक्यांत आणावा असें मनांत आलें, म्हणजे प्रथम सुचतें तें एकसारखे सुंदर डबे विकत आणण्याचें. कोठीचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो. आपल्याकडील कोठी अनेकदां नव्यानें मांडली गेली. परंतु ती श्रीमंतीमुळें नव्हे, तर बहुतेक वेळां टंचाईमुळें, आणि त्या त्या काळीं जें स्वस्त व हाताशीं होतें त्याच्याच आधारें. भांडीं बदललीं, टिकला तो एक हिशेब. तो हिशेब ज्या घरांत राहिला तें घर स्वस्तांत जेवलें, आणि ज्याला कोठीच नव्हती तो गरीब असूनही महाग जेवला.

या हिशेबाचा आरंभ फार जुना आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव नांवाचें खेडें आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केलें. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. मातीच्या घरांच्या अवशेषांत चुली सांपडल्या, तसे जमिनींत खणलेले व आंतून लिंपलेले धान्याचे खड्डेही सांपडले. कणग्या ठेवण्यासाठीं केलेले मातीचे गोल ओटेही सांपडले. कणगीच्या बुडाला ओल लागूं नये म्हणून ओटा, आणि खड्ड्यांत पाझर येऊं नये म्हणून लेप. कोठीचा पहिला शत्रु ओल होय, हें ज्ञान आपल्या भूमींत इतकें पुरातन आहे.

जमिनींतील त्या खड्ड्याची परंपरा पुढें पेवाच्या रूपानें चालत आली. पेवाचें तोंड अरुंद व पोट रुंद असतें. धान्य भरून तोंड मातीनें बंद केलें, म्हणजे आंत कोंडलेलें धान्य श्वसन करून तेथला प्राणवायु संपवितें, आणि उरलेल्या हवेंत किडे जगूं शकत नाहींत. ही हवा माणसालाही तितकीच घातक. म्हणून पेव उघडल्यावर तें कांहीं वेळ तसेंच ठेवावें आणि जळता कंदील आंत सोडून तो विझतो कीं काय हें पाहूनच खालीं उतरावें, अशी सावधगिरीची चाल होती. सांगलीजवळील हरिपुरचीं हळदीचीं पेवें प्रसिद्ध होतीं. २००५ च्या महापुराचें पाणी शिरून त्यांतलीं पुष्कळशीं निकामी झालीं. एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला कीं तिला पेव फुटलें असें जें मराठींत म्हटलें जातें, त्याच्या मुळाशीं हेंच भुईंतलें धान्य आहे.

पेव भरण्याइतकें पीक प्रत्येकाच्या शेतांत कोठून असणार? सामान्य कुटुंब कणगीवर भागवी. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणमातीनें लिंपलेली ही उंच कणगी म्हणजे काटकसरीच्या कारागिरीचा उत्तम नमुना होय. तिचा सर्व माल शिवारांतला व गोठ्यांतला. तिच्या रचनेंत एक मर्म असे. धान्य वरून भरावयाचें आणि बुडाजवळच्या भोकांतला बोळा काढून खालून घ्यावयाचें. त्यामुळें जुना दाणा आधीं बाहेर येई आणि नवा मागें राही. भिंतींतल्या बळदाचीही रीत तीच. आज मोठमोठ्या गोदामांतून जुना माल आधीं काढण्याचा जो नियम कटाक्षानें पाळला जातो, तो कणगीच्या अंगांतच विणलेला होता. तो कोणी लक्षांत ठेवण्याची गरजच नव्हती.

धान्याखेरीज इतर जिनसांसाठीं मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठें मडकें खालीं, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. रोज लागणारें वरच्या मडक्यांत आणि क्वचित् लागणारें तळाशीं, हा क्रम आपोआप ठरे. आढ्याला टांगलेलें शिंकें मांजरापासून दूधदुभत्याचें रक्षण करी. लोणच्यासाठीं चिनी मातीच्या बरण्या आल्या त्या समुद्रमार्गानें. उत्तर हिंदुस्थानांत त्यांना मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशांतील मर्तबान बंदरावरून तें नांव पडलें. चौदाव्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता यानेंही आलें, मिरी, लिंबें व आंबे मिठांत घालून भरलेल्या अशा बरण्यांचा उल्लेख केला आहे.

भांड्याइतकेंच महत्त्व भरण्याच्या रीतीला होतें. चैत्रवैशाखाच्या कडक उन्हांत धान्य वाळवावयाचें, तें निवल्यावर भरावयाचें. तुरीला काव लावावयाची, कडधान्याला एरंडेलाचा हात फिरवावयाचा, कोठें राख मिसळावयाची, कोठें कडुनिंबाचा पाला घालावयाचा. यांतील कोणतीही गोष्ट केवळ रूढि नव्हती. उन्हानें दाण्यांतील ओल उडते, आणि ओल कमी असली कीं बुरशी व कीड दोन्हीही वाढत नाहींत. तेलाच्या पातळ थरामुळें भुंगेऱ्याचीं अंडीं दाण्यावर तग धरीत नाहींत. राखेच्या कणांनीं किड्याचें अंग खरवडलें जाऊन तो कोरडा पडून मरतो. शास्त्रज्ञांनीं या रीतींचीं कारणें विसाव्या शतकांत सांगितलीं; घरच्या वडील बायकांनीं तीं फळावरून आधींच ओळखलीं होतीं. या सर्वांना खर्च किती? थोडेंसें तेल, चुलींतली राख आणि दोन दिवसांचें ऊन्ह.

घराची जी रीत तीच राज्याची. पन्हाळगडावर गंगा, यमुना व सरस्वती या नांवांच्या धान्यकोठारांच्या भव्य इमारती आजही उभ्या आहेत. १६६० सालीं सिद्दी जौहराचा वेढा पडला असतां महिनेच्या महिने किल्ला लढला, तो तटबंदीइतकाच सांठ्याच्या बळावर. परंतु कोठारें मोठीं असून भागत नाहीं. हात आंवरता लागतो. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाकडील घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजीमहाराजांनीं धाडलेलें एक पत्र उपलब्ध आहे. त्याचा आशय प्रत्येक गृहस्थानें ध्यानांत ठेवावा असा आहे. पावसाळ्यासाठीं मोठ्या कष्टानें दाणा व वैरण जमविली आहे. ती आतांच मनमानेल तशी उधळली, तर भर पावसांत कांहींच मिळणार नाहीं व घोडीं मरतील. मग पोटासाठीं शिपाई रयतेच्या घरांत शिरतील. म्हणून बेतानें, पावसाळा संपेपर्यंत पुरेल असेंच खर्चावें, असें त्यांत बजाविलें आहे. त्याच पत्रांत, रात्रीं दिवा तसाच ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असाही इशारा आहे. ज्याच्या मनांत स्वराज्याच्या उभारणीचे बेत चालले होते त्याच्या दृष्टींतून कोठारांतला उंदीर सुटला नव्हता.

तोच बेत घरांत मापानें पाळला जाई. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, या कोष्टकावर घराचें वर्ष चाले. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धति येऊन हीं मापें मागें पडलीं. पण त्यांमागचा विचार असा होता कीं, धान्य हातानें काढावयाचें नाहीं, मापानें काढावयाचें. हाताला अंदाज नसतो, मापाला असतो. आज किती जेवणार, पाहुणा कोण, उपास कोणाचा, हें पाहून सकाळीं एकदांच माप निघे. मात्र या व्यवस्थेला एक कठोर बाजूही होती. कोठीची किल्ली एकीच्याच कमरेला असे, आणि तिचा हात आंखडता असला म्हणजे धाकट्या सुना व विधवा यांच्या ताटांत त्या काटकसरीचा मोठा वांटा पडे. सर्वांच्या पोटाला सारखी नसलेली काटकसर ही काटकसर नव्हे, हा धडाही त्याच खोलीचा आहे.

परंतु खरें दुर्दैव किल्लीचें नव्हे, कोठीच नसण्याचें. एकोणिसाव्या शतकांत दख्खनच्या शेतकऱ्याचें हेंच झालें. सारा रोख भरावयाचा आणि सावकाराचा हप्ता चुकवावयाचा, म्हणून पीक खळ्यावर असतांनाच, म्हणजे भाव सर्वांत उतरलेला असतांना, तें विकावयाचें. आणि पुढें पावसाळ्यांत, भाव चढलेला असतांना, तेंच धान्य उधारीनें घरीं आणावयाचें. दोन्ही वेळां तोटा त्याचाच. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले व त्यांनीं सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला. मध्यंतरीं १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. त्यांत जीं घरें उठलीं त्यांच्या कणग्या पाऊस जाण्याच्या आधींच रित्या झालेल्या होत्या.

जी घरें उठलीं त्यांतलीं पुष्कळशीं मुंबईकडे वळलीं. तेथें १८५६ पासून कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या होत्या. गिरणगांवच्या चाळींतील एका खोलींत कोठी ती कोठें असणार? मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें १९२१-२२ सालीं कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जातो, बहुतेक कुटुंबें एकाच खोलींत राहतात आणि जवळजवळ निम्मीं कर्जांत आहेत, असें तींत आढळून आलें. सांठविण्यास जागा नाहीं व एकदम घेण्यास पैसा नाहीं, म्हणून रोजचें रोज, पावशेर अर्धा शेर, वाण्याच्या वहीवर घ्यावयाचें. जो अधिक घेतो त्याला स्वस्त, जो थोडें घेतो त्याला महाग, हा बाजाराचा नियम गरिबाच्या विरुद्धच चालतो. श्रीमंताच्या कोठीचें हें गुपित आहे: तिच्यांत केवळ धान्य नसतें, सुगीचा भाव तिच्यांत सांठविलेला असतो.

त्याच मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला. मांडवीच्या दाट वस्तींत, धान्याच्या वखारींच्या परिसरांत, मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं तो प्रथम ओळखला. पुढच्या वर्षीं पुण्यांत हाहाकार झाला. १८९८ सालीं पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञानें कराचींत प्रयोग करून उंदरावरील पिसवांचा या रोगाशीं संबंध दाखविला. तोंपर्यंत उंदीर हा दाण्याचा चोर होता. आतां तो यमदूत ठरला. कणगीला आणि पोत्याला उंदीर कुरतडतो. शहरांतील कोठीला पत्र्याचें भांडें हवें होतें, आणि तें गरिबाला परवडावयास हवें होतें.

तें भांडें मिळालें भंगारांतून. परदेशांतून येणारें घासलेट चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येई. तेल संपलें कीं डबा उरे. पत्र्याचें काम करणारा कारागीर त्याला झांकण बसवून देई, कडी लावून देई. घांसून, उकळून, उन्हांत वाळवून वास गेला कीं त्यांत तांदूळ, ज्वारी, डाळ भरावयाची. चौकोनी असल्यामुळें डब्यास डबा लागून बसे आणि एकावर एक चढे; उतरंडीला जेवढी जागा लागे तिच्या निम्म्या जागेंत अधिक माल राही. १९३७ नंतर डालड्याचे डबे त्याच वाटेनें घराघरांत शिरले. कोठीच्या इतिहासांतील हा सर्वांत मोठा पालट म्हणावयास हरकत नाहीं. आणि तो बहुतांशीं दुसऱ्याच कामासाठीं आलेल्या डब्यांनीं घडवून आणला.

यानंतर महायुद्ध आलें. ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेल्यावर तेथला तांदूळ येणें बंद झालें, आणि २ मे १९४३ रोजीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या वर्षाचें धान्य भरलें जाई, त्या घरांत आतां पत्रिकेवर माणशीं नेमून दिलेला शिधा येऊं लागला. वर्षाची कोठी आठवड्यांवर आली. तांदूळ कमी पडला कीं ज्वारी, गहूं नसला कीं जें मिळेल तें, अशा रीतीनें पांढरपेशा स्वयंपाकघराला आपल्या जुन्या आवडी सोडाव्या लागल्या. १९४७ च्या डिसेंबरांत नियंत्रणें उठविण्यास आरंभ झाला. भाव भडकले, आणि १९४८ सालीं तीं पुन्हां आलीं.

त्याच १९४३ सालीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. त्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं असें दाखविलें कीं, धान्याच्या तुटीपेक्षां तें विकत घेण्याची शक्ति माणसांपासून गेली, हें तेथील अनर्थाचें मोठें कारण होतें. आणि भाव चढणार या अपेक्षेनें दडविलेल्या सांठ्यांनीं त्यांत भर घातली. येथें बेगमी व सांठेबाजी यांतील भेद स्पष्ट होतो. बेगमी पिकाच्या वेळीं, बाजारांत माल भरपूर असतांना, आपल्या तोंडांच्या संख्येनें केली जाते. त्यामुळें पुढच्या टंचाईंत एक गिऱ्हाईक कमी होतें. सांठेबाजी टंचाईंतच, भीतीनें वा लोभानें होते, आणि ती दुसऱ्याच्या ताटांतून उचलते. दोन्हींच्या खोल्या सारख्याच दिसतात. भरण्याची वेळ तेवढी निराळी.

ज्यांच्यापाशीं एकट्यानें सांठविण्याचें बळ नव्हतें त्यांनीं पुढें एकत्र येऊन कोठी केली. १९४८ सालीं मुंबईंत नायगांवच्या कामगारवस्तींत ग्राहकांचें सहकारी भांडार निघालें. अपना बाजार या नांवानें तें प्रसिद्धीस आलें. १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची पद्धत साधी: शेजारपाजारच्या कुटुंबांनीं गट करावयाचा, महिन्याची यादी आधीं द्यावयाची, माल घाऊक भावानें एकत्र घ्यावयाचा आणि एका घरीं आणून आपसांत वांटून घ्यावयाचा. खोली लहान राहिली, तरी भाव मात्र मोठ्या कोठीचा मिळाला. चाळींतल्या कामगाराला एकट्याला जें साधलें नव्हतें तें पन्नास घरांच्या यादीनें साधतें, एवढाच त्याचा अर्थ.

या सर्व इतिहासांतून आजच्या कपाटासाठीं निघणारे नियम थोडे आणि बिनखर्चाचे आहेत. नवे डबे आणण्यापूर्वीं सगळें कपाट रिकामें करून काय शिल्लक आहे तें लिहून काढावें. दोनदां घेतलेली जिन्नस व तळाशीं विसरलेली जिन्नस यांतच पुष्कळ पैसा अडकलेला आढळतो. घरांत आहेत ते डबे व बरण्या धुवून, पूर्ण वाळवून, त्यांवर नांव व भरल्याची तारीख घालावी. रोजचें हातापाशीं, महिन्याचें खालीं आणि वर्षाचें माळ्यावर, ही उतरंडीची शिस्त ठेवावी. नवें धान्य जुन्यावर कधीं ओतूं नये. जुनें संपवून, डबा पुसून, मगच नवें भरावें. दमट हवेच्या गांवांत कुटुंबाला पुरेल तेवढेंच, दोनतीन महिन्यांचें भरावें. कोरड्या गांवांत वर्षाचेंही चालेल. डब्यांत एक वाटी मापाची म्हणून कायम ठेवावी. आणि महिन्याची यादी बाजारांत नव्हे, कपाटासमोर उभें राहून करावी.

कोठीची परीक्षा पाहणारा अगदीं अलीकडचा प्रसंग सर्वांच्या स्मरणांत आहे. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं टाळेबंदी जाहीर झाली आणि शहरांतील लोक दुकानांकडे धांवले. ज्यांच्या घरांत महिन्याचा दाणा होता ते दार लावून घरांत राहूं शकले. ज्यांचें पोट रोजच्या मजुरीवर व रोजच्या पुडीवर होतें, ते मुलें कडेवर घेऊन शेंकडों कोस पायीं गांवाकडे निघाले. त्यांनाही घरांत राहावयाचेंच होतें. त्यांना आठ दिवस थांबवून धरील असा एक भरलेला डबा मात्र त्यांच्या खोलींत नव्हता. आपलें कपाट नीट लावणाऱ्या घरानें आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाच्या खोलींत असा डबा आहे कीं नाहीं, याचीही एकदां चौकशी करावी. आणि नसल्यास, महिन्याची यादी करतांना तींत आणखी चार पायल्यांची भर घालावी.